वाफेच्या गाडीने निळ्या डोंगरावर



वाफ ही आपल्याला काही परकी गोष्ट नाही. हंगाम सुरू झाला की आपल्या कारखान्याचे धुराडे रात्रंदिवस चालू असते आणि चार कोसांवरच्या शिवारातूनही ते दिसते. पण ही वाफ नेमकी काय काम करते, कुठून निघते आणि कुठे संपते, असे विचारले तर आपल्यातले बरेचजण ‘ते चीफ इंजिनियर साहेबांचं खातं’ असे म्हणून मोकळे होतात. कारखाना आपला, भाग भांडवल आपले, ऊसही आपला. मग वाफ तेवढी साहेबांची कशी? हा प्रश्न आमच्या मनात पक्का झाला तो कारखान्यात नव्हे, तर पार तामिळनाडूत, निलगिरीच्या डोंगरावर चढणाऱ्या एका जुन्या आगगाडीत. त्या प्रवासाची हकीकत येथे देत आहोत.

कोइमतूरला कशासाठी?

२०२४ च्या जून महिन्यात, गाळप आटोपून आडसाली लागणीची गडबड सुरू व्हायच्या आत, आम्ही काही सभासदांसह कोइमतूरच्या ऊस प्रजनन संस्थेत गेलो होतो. १९१२ साली स्थापन झालेली ही संस्था म्हणजे ऊसवाल्यांचे पंढरपूरच. आपण ज्या जातींना ‘को’ म्हणतो तो ‘को’ म्हणजे कोइमतूर. नदीकाठी वाढणाऱ्या रानटी उसाचा काटकपणा आणि जाड, रसाळ उसाची गोडी यांचा संकर करून येथे १९१८ साली को २०५ ही जात दिली गेली. पुढे आपल्या वडिलांच्या पिढीने को ४१९ लावला, नंतर को ७४० आला आणि आज आपल्या कार्यक्षेत्रात जिकडे तिकडे को ८६०३२ उभा आहे. ही सारी एकाच घराण्यातली मंडळी.

संस्थेतील काम आटोपल्यावर परतीच्या गाडीला एक दिवस अवकाश होता. कोइमतूरपासून मेट्टुपाळयम सुमारे पस्तीस किलोमीटर. तेथून रोज सकाळी सातच्या सुमारास उटीची डोंगरगाडी सुटते. सर्वांनी ठरवले, उटी तर पाहायचीच, पण मोटारीने नव्हे, वाफेच्या गाडीने. तिकिटांचे आरक्षण आम्ही घरून निघण्याआधीच करून ठेवले होते, म्हणून जमले. ऐनवेळी गेले तर हात हलवीत परत यावे लागते. डबे मोजके आणि येणारे अख्ख्या देशातले.

इंजिन उलट्या टोकाला!

पहाटेच मेट्टुपाळयमच्या फलाटावर पोहोचलो. निळे-पिवळसर डबे उभे. लहानसे, लाकडी बाकांचे. इंजिनाची वाट पाहत सारे पुढच्या टोकाला जाऊन उभे राहिले, तर इंजिन आले ते मागून! फुसफुस करीत, बुडाखालून वाफ सोडीत ते शेवटच्या डब्याला येऊन चिकटले. आमच्यातले एक वडीलधारे सभासद, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते आमच्याकडे वळून म्हणाले, “आवं सायेब, ह्यांनी इंजिन उलट्या टोकाला लावलंय. सांगा की जरा त्यास्नी!”

आम्ही म्हणालो, “आबा, भरलेला उसाचा गाडा चढणीला लागला, की गडी कुठनं जोर लावतात?”

“म्हागनं. न्हाईतर गाडा फिरून अंगावर यायचा.”

“मग हे तेच.”

आणि खरोखरच कारण तेच आहे. या मार्गावर चढताना इंजिन कायम खालच्या बाजूला असते आणि डबे वर ढकलते. एखादी साखळी तुटली, तरी डबे सुटून दरीकडे धावत नाहीत. इंजिनाच्या छातीवर येऊन टेकतात. उतरताना तेच इंजिन पुढे राहून सगळी गाडी अडवून धरते. म्हणजे चढताना ढकलायचे आणि उतरताना थोपवायचे, अशी दोन्ही कामे एकट्या इंजिनाकडे. आबांनी मान डोलावली आणि जागा धरायला डब्यात शिरले.

पंचेचाळीस वर्षांचा घोळ

गाडी सुटायला वेळ होता, तेवढ्यात या रस्त्याचा पूर्वइतिहास सांगून टाकतो. उटीला रेल्वे न्यावी ही कल्पना १८५४ साली निघाली. पण डोंगर एवढा उभा की साध्या रुळांवरून गाडी चढेना. १८८२ साली स्वित्झर्लंडचे रिगेनबाख नावाचे अभियंते येऊन पाहून गेले. दातेरी रुळाची रेल्वे बांधण्यात त्यांचा हातखंडा होता. प्रत्यक्ष काम १८९१ साली सुरू झाले. सुरुवात करणारी कंपनी १८९४ मध्ये पैशापायी बुडाली आणि काम दुसऱ्या कंपनीकडे गेले. शेवटी जून १८९९ मध्ये मेट्टुपाळयम ते कुन्नूर गाडी धावू लागली. तेथून पुढे उटीपर्यंत पोहोचायला १९०८ साल उजाडले. म्हणजे कल्पना निघाल्यापासून पहिली गाडी धावेपर्यंतच पंचेचाळीस वर्षे गेली. आपल्या भागात कारखाना उभारताना ज्यांनी परवान्यासाठी मुंबई-दिल्लीच्या खेपा केल्या आणि गावोगाव हिंडून शेअर्स गोळा केले, त्यांना यातले मर्म सांगायला नको.

सगळा रस्ता सेहेचाळीस किलोमीटरचा. मेट्टुपाळयम समुद्रसपाटीपासून ३२६ मीटर उंचीवर, तर उटी २२०३ मीटरवर. वाटेत २०८ वळणे, २५० पूल आणि १६ बोगदे. रुळांची रुंदी एक मीटर, म्हणजे पूर्वीच्या आपल्या पुणे-मिरज मीटरगेजएवढी.

चरकाचे दाते

शिट्टी झाली, गाडी हलली. गाव मागे टाकून भवानी नदीचा पूल ओलांडला. कल्लार स्टेशनापर्यंत दोन्ही बाजूंना सुपारीच्या बागा, जमीन जवळपास सपाट आणि गाडीचा वेगही बऱ्यापैकी. कल्लार सोडले आणि गाडीला एकदम लगाम बसल्यासारखे झाले. खालून खडखड, खडखड असा नवाच आवाज सुरू झाला. डोंगर चढायला लागलो होतो.

येथून कुन्नूरपर्यंत सुमारे वीस किलोमीटर दोन रुळांच्या मधोमध आणखी एक दातेरी जोडपट्टी बसवलेली आहे. पट्ट्या दोन, शेजारी शेजारी. आणि त्यांचे दाते एकासमोर एक न ठेवता एकाआड एक ठेवलेले. त्यामुळे इंजिनाखालच्या दातेरी चाकाचा कोणता ना कोणता दाता पट्टीत नेहमी रुतलेला असतो, पकड कधी सुटत नाही. ही पद्धत रोमान आप्ट या स्विस अभियंत्याची. भारतात दातेरी रुळाची रेल्वे ही एकच.

आमच्या मंडळींना हे समजायला मुळीच अवघड गेले नाही. बैलाच्या गुऱ्हाळातला जुना चरक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना दाते म्हणजे काय ते ठाऊक असते. एका लाटेचे दाते दुसरीच्या दात्यांत अडकले नाहीत, तर बैल नुसते फिरतील आणि ऊस तसाच राहील. येथे डोंगर हीच एक लाट आणि इंजिन ही दुसरी, असे समजावे. चढ जास्तीत जास्त साडेबारा फुटांना एक फूट, असा आहे. शेतात हा चढ काही विशेष वाटत नाही, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर तेवढ्या चढाला जागच्या जागी गरगर फिरते. दाते आहेत म्हणूनच गाडी चढते. वेग ताशी जेमतेम तेरा किलोमीटर. बैलगाडीहून जास्त आणि सायकलहून कमी!

एकच वाफ, दोन कामे

आता मुख्य गोष्टीकडे येतो. हे इंजिन स्वित्झर्लंडच्या विंटरथूर येथील कारखान्याच्या नमुन्याचे. रेल्वेवाले त्याला ‘एक्स’ वर्गाचे इंजिन म्हणतात. याच्या प्रत्येक बाजूला एकावर एक असे दोन सिलिंडर, म्हणजे एकूण चार. सपाटीवर गाडी चालते तेव्हा खालचे दोनच काम करतात. बॉयलरमधली ताजी, जोरकस वाफ त्यांत शिरते, दट्टा ढकलते, साधी चाके फिरवते आणि धुराड्यातून बाहेर पडते. पण दातेरी चढण लागली की चालक एक झडप फिरवतो. मग तीच वापरलेली वाफ, दाब उतरलेली असली तरी, बाहेर न सोडता वरच्या दोन सिलिंडरांत नेली जाते आणि ती दातेरी चाक फिरवते. म्हणजे एकाच वाफेकडून दोनदा काम करून घेतले. तिसरा माणूस असता तर म्हणाला असता, वापरलेली वाफ कसली घेता? पण अर्धी चढण त्याच वाफेच्या जिवावर आहे.

मंडळी, आपल्या कारखान्यातही हेच चालते, नव्हे याहून जास्त चालते. बगॅस जाळून बॉयलरमध्ये जी वाफ होते, ती आधी टर्बाइन फिरवते. टर्बाइनमधून बाहेर पडलेली उतरत्या दाबाची वाफ इव्हॅपोरेटरच्या पहिल्या बॉडीला जाते आणि तेथे रस तापवते. त्या रसातून निघालेली वाफ दुसऱ्या बॉडीला, दुसरीतली तिसरीला, तिसरीतली चौथीला. एका वाफेवर चार चुली! रसात साधारण पंच्याऐंशी टक्के पाणीच असते. शंभर टन रसाचा पाक करायचा तर पंचाहत्तर टनांच्या आसपास पाणी उडवावे लागते. ते एकाच चुलीवर उडवायचे म्हटले, तर आपला सगळा बगॅस जाळूनही पुरणार नाही आणि वर लाकूडफाटा आणावा लागेल. ही युक्ती अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे नॉर्बर्ट रिलियू यांनी १८४० नंतरच्या दशकात काढली. आज जगातला प्रत्येक साखर कारखाना त्याच्या ऋणात आहे.

फरक एकच. इंजिन आपली वाफ दोनदा वापरून शेवटी आभाळात सोडून देते. म्हणून त्याला घडोघडी तहान लागते. वाटेत डोंगरातल्या लहान स्टेशनांवर थांबून ते पाणी पिते. कारखान्यात मात्र थंड झालेल्या वाफेचे पाणी परत बॉयलरकडे नेतात. हे सगळे आम्ही हिलग्रोव्ह स्टेशनावर, इंजिन पाणी घेत असताना, चहाचे कप हातात धरून बोलत होतो. माकडे मात्र आमच्या बोलण्यापेक्षा आमच्या हातातल्या वड्यांकडे लक्ष ठेवून होती, आणि एका सभासदाचा वडा शेवटी गेलाच.

झेंडीवाला आणि ब्रेकवाला

इंजिन मागे, तर चालकाला पुढचे दिसते कसे? हा प्रश्न आमच्याबरोबरच्या एका भगिनींनी विचारला आणि तो बिनतोड होता. चालकाला पुढचे दिसतच नाही. सर्वांत पुढच्या डब्याच्या सज्जावर एक कर्मचारी लाल-हिरवी झेंडी घेऊन उभा असतो. रुळावर दरड आहे का, जनावर आहे का, हे तो पाहतो आणि त्याची खूण मागच्या मागच्या डब्यांवरून इंजिनापर्यंत जाते. प्रत्येक डब्याच्या सज्जावर असा एक ब्रेकवाला. त्याच्या हाताशी ब्रेकची चक्रे. डब्याच्या चाकांचा ब्रेक वेगळा आणि दातेरी पट्टीवरचा वेगळा. इंजिनाने शिट्टी दिली की ज्याचा त्याचा ब्रेक ज्याने त्याने आवळायचा किंवा सोडायचा.

आमच्या डब्याचा ब्रेकवाला पन्नाशीचा गृहस्थ होता. त्याला हिंदी तोडकी मोडकी येत होती, आमची तमिळ तर मुळीच नाही. तरी खुणा करीत गप्पा झाल्या. त्याचे वडीलही याच मार्गावर नोकरीला होते. आबांनी विचारले, “तुमच्या मागं हे काम कोण करणार?” आम्ही त्याचे हिंदी करून सांगितले. त्याने काही न बोलता पुढच्या डब्यावरच्या विशीतल्या पोराकडे बोट दाखवले. पोरगा एका हाताने चक्र धरून शिट्टीकडे कान देऊन उभा होता. डब्यातले बाकी प्रवासी खिडकीबाहेर दरीचे फोटो काढण्यात गढले होते. दरी सुंदर होतीच, त्यात शंका नाही. खाली दाट जंगल, मधूनच धबधब्याची पांढरी रेघ, बोगद्यात शिरताच पोरांची एकच आरोळी. पण ज्यांच्या हातांमुळे ते फोटो निघत होते, त्यांच्याकडे कॅमेरा फारसा कोणी वळवला नाही.

कुन्नूरच्या पुढे

कुन्नूर आले की दातेरी पट्टी संपते. पायथ्यापासून येथवर आपण तेराशे मीटरांहून जास्त वर आलेलो असतो. वाफेचे इंजिन येथे सुटते आणि पुढे डिझेल इंजिन लागते. वेलिंग्टनची लष्करी छावणी, अरुवंकाडूचा दारूगोळ्याचा कारखाना, मग केत्तीचे विस्तीर्ण खोरे. आमच्यातल्या शेतकऱ्यांचे डोळे खऱ्या अर्थाने येथे उघडले. उतारावर पायऱ्या पायऱ्यांनी शेते केलेली. गाजर, कोबी, बटाटा, लसूण. त्यावरच्या अंगाला चहाचे मळे. एक इंच जमीन मोकळी नाही. एवढ्या उतारावर बांध नसता तर पहिल्याच पावसात सगळी माती भवानी नदीत गेली असती. आपल्याकडे माळाला लावलेल्या उसात सऱ्या उताराच्या दिशेने सोडणाऱ्या मंडळींनी हे खोरे एकदा अवश्य पाहावे.

दुपारी बाराच्या सुमारास उटीला उतरलो. सेहेचाळीस किलोमीटरला पाच तासांच्या आसपास.

एवढा खटाटोप कशाला?

उटीला जेवताना वाद झालाच. आमच्यातले एक तरुण सभासद म्हणाले, “मोटार दोन तासांत आणती. एवढी माणसं, एवढं इंजिन, एवढा खर्च, अन् पाच तास. कुठला धंदा झाला ह्यो? कारखाना असा चालवला असता तर केव्हाच कुलूप लागलं असतं.”

हा प्रश्न वरवरचा नाही. एकेकाळी ही रेल्वे डोंगरावर जाण्याचे मोठे साधन होती. आज ते काम बस आणि मोटारी करतात. पावसाळ्यात दरडी कोसळून मार्ग अनेकदा बंद पडतो, तो मोकळा करण्याचा खर्च वेगळाच. नुसत्या तिकिटाच्या पैशांत याचा मेळ बसणे कठीण. मग का चालवायचे? २००५ साली युनेस्कोने या रेल्वेला जागतिक वारसा ठरवले. दार्जिलिंगच्या डोंगरगाडीला तो मान १९९९ मध्ये मिळाला होता, तर कालका-शिमला मार्गाला २००८ मध्ये मिळाला. पण नुसते मानपत्र भिंतीला लावून इंजिन चढत नाही.

यावर आबा जे बोलले ते आम्हाला मोलाचे वाटते. त्यांनी बार्शी लाईटची आठवण काढली. आपल्या जुन्या सभासदांना ती गाडी चांगली आठवत असेल. कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ साली सुरू झाली. १९०६ मध्ये पंढरपूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी डबे टपापर्यंत भरायचे. आबा म्हणाले, “आमच्या आईनं इठोबा बघितला त्यो त्याच गाडीनं. पुढं मोठी लाईन आली, सोय झाली, चांगलंच झालं. पर ते इंजिन चालवणारी माणसं कुठं गेली, कुनी इचारलं का? आज कुनी म्हनलं, एक दिस चालवून दाखवा, तर कोन दावणार?”

तरुण सभासद गप्प बसले नाहीत. ते म्हणाले, “दाखवून तरी काय करायचंय, आबा?” त्यालाही उत्तर आहे, आणि ते याच मार्गावर सापडते. आपल्या देशात चित्तरंजनच्या कारखान्याने वाफेची इंजिने बांधणे १९७२ मध्येच थांबवले. निलगिरीची जुनी स्विस इंजिने थकत चालली होती. नवी आणायची कुठून? तेव्हा तिरुचिरापल्लीजवळच्या गोल्डन रॉक येथील रेल्वेच्या कार्यशाळेने ती स्वतःच बांधायला घेतली. २०११ पासून तेलावर चालणारी नवी वाफेची इंजिने तेथून बाहेर पडली आणि २०२१ मध्ये कोळशावर चालणारेही तयार झाले. वाफेच्या इंजिनाचा जमाना संपल्यानंतर नवे इंजिन! हे कशामुळे झाले? जुने इंजिन रोज डोंगर चढत होते, ते रोज उघडणारे, पुसणारे, तेल घालणारे, दाते तपासणारे हात कामावर होते म्हणून. मधली वीस-पंचवीस वर्षे गाडी बंद राहिली असती, तर नकाशे कपाटात सापडले असते, पण हात सापडले नसते. पैसा उद्या पुन्हा उभा करता येतो. गेलेली कसबी माणसे उभी करता येत नाहीत.

आपल्या घरची वाफ

म्हणून हे सगळे आपल्या अंकात लिहिण्याचे कारण. आपल्याकडे पूर्वी सर्रास एकवीस किलो दाबाचे बॉयलर असत. सहवीजनिर्मिती आली तसे सदुसष्ट, सत्त्याऐंशी, एकशे दहा किलो दाबाचे बॉयलर साखर कारखान्यांत बसू लागले. यंत्रे नवी झाली, पण पाण्याची पातळी, दाब, जाळ यांवर नजर ठेवणारा परवानाधारक बॉयलर अटेंडंट लागतोच. पॅनवर काचेवर नमुना घेऊन दाणा बोटाने पाहणारा पॅनमन लागतोच. ही आपली ब्रेकवाली मंडळी. त्यांच्यातले अनेकजण निवृत्तीला आले आहेत. आपल्या मुलांना ही कामे ‘काळी कामे’ वाटतात. आयटीआयला जाणाऱ्या पोराला वडील सांगतात, दुसरे काही बघ. मग दहा वर्षांनी बॉयलरसमोर कोण उभे राहणार? निलगिरीच्या त्या विशीतल्या पोरासारखा एखादा तरी पोरगा आपल्या गावातून निघायला हवा.

दुसरी गोष्ट थेट आमच्या खात्याची. वाफ चारदा वापरून इंजिनियर मंडळी जी काटकसर करतात, ती आपण गव्हाणीतच उधळू शकतो. तोडून दोन-तीन दिवस फडात पडलेला ऊस, पाचट आणि वाढ्यांसकट बांधलेली मोळी, मातीने भरलेला बुडखा, हे सगळे शेवटी वाफेच्या हिशेबात येते. शिळ्या उसाचा रस उकळताना आणि दाणा धरताना त्रास देतो, माती मिलच्या लाटा आणि बॉयलरच्या नळ्या खाते. वाचलेला बगॅस म्हणजे वीज, आणि वीज म्हणजे पैसा. तोडणी झाल्यावर चोवीस तासांच्या आत स्वच्छ ऊस गव्हाणीत पडणे, हा आपल्या हातातला ब्रेक आहे. शिट्टी झाली की ज्याचा त्याने आवळायचा.

जाणाऱ्यांसाठी चार सूचना

ज्या सभासदांना हा प्रवास करावयाचा आहे, त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

आरक्षण पुष्कळ आधी करावे; एप्रिल-मे महिन्यांत फार गर्दी असते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा त्या भागातला मोठ्या पावसाचा काळ, तेव्हा दरडींमुळे गाडी रद्द होऊ शकते. निघण्यापूर्वी चौकशी करावी. फक्त कुन्नूर ते उटी एवढाच प्रवास केला तर ती डिझेलची गाडी आहे. वाफ आणि दाते पाहायचे असतील, तर मेट्टुपाळयमपासूनच बसावे. खाली उकाडा असला, तरी वर थंडी वाजते. वयस्कर मंडळींनी स्वेटर जवळ ठेवावा. खिडकीबाहेर डोके-हात काढू नयेत, बोगदे अगदी अंगालगत आहेत. आणि कोइमतूरला ऊस प्रजनन संस्था पाहायची असल्यास आमच्या गट ऑफिसमार्फत आधी कळवावे, म्हणजे पत्रव्यवहार करता येईल.

सर्वांत शेवटी एक विनंती. यंदा बॉयलर अग्निप्रदीपनाच्या कार्यक्रमाला याल, तेव्हा हार, भाषण आणि पेढा झाल्यावर लगेच घरी जाऊ नका. अर्धा तास थांबा. आम्ही इंजिनियरिंग खात्याशी बोलून ठेवले आहे. सभासदांना दहा-दहाच्या गटाने बॉयलर हाऊस आणि इव्हॅपोरेटर दाखवण्याची व्यवस्था होईल. येताना शाळा-कॉलेजातल्या मुला-मुलींना बरोबर आणा. त्यांना विचारू द्या, की ही वाफ कुठून येते आणि कुठे जाते. आबांनी नाव नोंदवले आहे, आणि त्या तरुण सभासदांनीसुद्धा.

— ऊस विकास अधिकारी